बारा खाटा, चोवीस माणसं

राजुऱ्याच्या एका पतसंस्थेत अठ्ठावीस वर्षं वसुली अधिकारी म्हणून काढून गुणवंतराव पिंपळशेंडे निवृत्त झाले, आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांना एक शोध लागला. माणूस झोपतो, खाट झोपत नाही.

शोध लागला घुग्घुसच्या एका चहाटपरीवर. भाचीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेले होते. कोळसाखाणीतल्या कंत्राटदाराकडचे डंपर चालवणारे दोन पोट्टे शेजारच्या बाकड्यावर बसले होते. एक दिवसपाळीचा, एक रात्रपाळीचा. आठ ते आठ, बारा तासांची ड्युटी. दोघांच्या खोल्या वेगळ्या, दोघांची भाडी वेगळी, आणि दोघांच्याही खोलीला अर्धा दिवस कुलूप. गुणवंतरावांनी आयुष्यात थकलेली कर्जं रगड पाहिली होती, पण दिवसातले बारा तास रिकामी पडलेली खाट ऐकून त्यांचा जीव जेवढा कळवळला तेवढा कुठल्याच कर्जदाराकडे बघून कळवळला नव्हता. हे पुढे ते स्वतःच सांगत. चहा गार होईपर्यंत त्यांनी लग्नपत्रिकेच्या पाकिटावर हिशेब मांडलासुद्धा. चार खोल्या. एका खोलीत तीन खाटा. एका खाटेवर दोन माणसं, एक दिवसाचा, एक रात्रीचा. चोवीस माणसं, दर माणशी अकराशे. सव्वीस हजार चारशे. पत्रिका मात्र त्यांनी परत आणली, कारण पाकीट आता महत्त्वाचा दस्तऐवज झालं होतं.

घर मिळालं. ओळीत चार खोल्या, पुढे पडवी, मागे आंगण, बोअर आणि एक संडास. मालक नागपूरला मुलाकडे जाऊन बसला होता आणि धुळीला कंटाळला होता. बारा लाखांत सौदा झाला. दुरुस्तीला तीन लाख धरले. निवृत्तीचे सहा लाख हातात होते. उरलेले नऊ लाख कुठून आणायचे हा प्रश्नच नव्हता. ज्या पतसंस्थेच्या काउंटरमागे अठ्ठावीस वर्षं बसले, त्याच काउंटरसमोर गुणवंतराव अर्ज घेऊन उभे राहिले. सात वर्षं, महिन्याला पंधरा हजार नऊशे. तारणात घुग्घुसचं घर, आणि जोडीला राजुऱ्याचं राहतं घर.

करारातलं सातवं कलम वाचायची त्यांना गरज पडली नाही. ते त्यांनीच लिहिलं होतं. लागोपाठ तीन हप्ते थकले तर राहत्या घराच्या दर्शनी दारावर नोटीस चिकटवायची आणि फोटो काढायचा. पूर्वी नोटीस टपालानं जायची. गुणवंतरावांनी संचालक मंडळापुढे उभं राहून सांगितलं होतं, "टपालाची नोटीस मानूस उशीखाली ठेवते जी. दारावरची साऱ्या गल्लीले वाचा लागते." मंडळानं टाळ्या वाजवल्या होत्या. राजुऱ्यात एकही गल्ली अशी उरली नव्हती जिथल्या एखाद्या दारावर गुणवंतरावांनी आपल्या हातानं कागद चिकटवला नव्हता, आणि एकही गल्ली अशी नव्हती जी त्यांच्या दारावर कागद बघायला उत्सुक नसेल.

"माह्या घराचे कागद काऊन ठेवता?" सुगंधाबाईंनी विचारलं. "त्या घुग्घुसच्या घराचे ठेवा ना."

"त्याचेबी ठेवले."

"मंग आता ठेवाले मीच उरली."

"अवं, कागद पाय ना हा. महिन्याले आठ हजार निव्वळ. लाईट-पानी काढून!"

"आन दारावर कागद लागला तं?"

"माह्या दारावर?" गुणवंतराव हसले. हे हसणं सुगंधाबाईंनी नीट लक्षात ठेवलं. बायका अशा गोष्टी व्याजासकट ठेवतात.

दुरुस्तीचं काम घुग्घुसच्याच शफी मिस्त्रीला दिलं. शफी हाडाचा कारागीर, बोलायला कमी, आणि ऐकायला त्याहून कमी. गुणवंतरावांनी भिंतींना मोतिया रंग निवडला. शफी म्हणाला, "साहेब, इथी कोयसा उडते. राखी रंग मारा, पैलेपासून मळकाच दिसन." साहेबांनी मोतियाच मारायला लावला. जमिनीला फरशी घातली, खिडक्यांना जाळी, प्रत्येक खाटेवर नंबर, प्रत्येक खाटेमागे भिंतीत दोन खुंट्या. डावी दिवसाच्या गड्याची, उजवी रात्रीच्या.

"संडास अजून एक काढू का?" शफीनं विचारलं.

"कशाले? चोवीस आहेत, पण घरात एका टायमाले बाराच. एक बस झाला."

"आन इतवारले?"

"इतवारले तू सुट्टी घे."

शफीनं थापीवरचा माल झटकला आणि पुढच्या भिंतीकडे वळला. सांगायचं ते एकदा सांगायचं, हा त्याचा शिरस्ता होता. दोनदा सांगितलं की मालक ऐकतो आणि पुढचं तोडफोडीचं काम कमी होतं.

सोमवारी घर सुरू झालं आणि बुधवारपर्यंत चोवीसच्या चोवीस जागा भरल्या. कुरखेड्याचे, आरमोरीचे, सीमेपलीकडच्या आसिफाबादचे, दोघे तर थेट बिहारचे. सकाळी आठच्या आगेमागे दिवसाचे गडी उठून जायचे, रात्रीचे यायचे. खाट थंड व्हायला वेळच नाही. सात नंबरच्या खाटेवर आरमोरीचा विक्की रात्री झोपायचा आणि कुरखेड्याचा आयुष दिवसा. दोघांनी एकमेकांना नीट पाहिलंही नव्हतं, पण आयुषच्या डोक्याच्या तेलाचा वास विक्कीला पाठ झाला होता. गुणवंतराव शुक्रवारपर्यंत पडवीत खुर्ची टाकून बसले आणि येणारी-जाणारी डोकी मोजत राहिले. धबधब्याखाली बसल्यासारखं वाटत होतं, असं त्यांनी घरी येऊन सुगंधाबाईंना सांगितलं.

"उद्या जाऊन पावत्या देऊन येतो," शनिवारी ते म्हणाले. "उद्या सारेच भेटतीन. इतवारी मानूस घरी सापडते."

हे वाक्य त्यांचं नव्हतं, त्यांच्या धंद्याचं होतं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी प्रत्येक नव्या पोराला हेच शिकवलं होतं. थकबाकीदार सोमवार ते शनिवार कुठेही असो, रविवारी घरी असतो. वाक्य तोंडातून गेलं, जेवण झालं, ताट उचललं गेलं, तरी त्याचा अर्थ गुणवंतरावांच्या डोक्यात शिरला नाही. तो शिरला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता, घुग्घुसच्या घराचं फाटक उघडताना.

घरात-आंगणात मिळून चोवीसच्या चोवीस माणसं होती. कंत्राटदाराचं काम रविवारी बंद असतं, शनिवारची रात्रपाळी सकाळी आठला सुटली की पुढची ड्युटी सोमवारी आठला. दिवसाच्या गड्यांना सुट्टी, म्हणून त्यांनी खाटा सोडल्या नव्हत्या. रात्रीचे गडी कामावरून आले होते, म्हणून त्यांना झोपायचं होतं. संडासापुढे बालट्या रांगेत लावलेल्या होत्या आणि माणसं सावलीला बसली होती. रांग माणसांची नव्हती, बालट्यांची होती. एवढी व्यवस्था त्यांची त्यांनीच केली होती.

"आले, मालक आले!" कोणीतरी ओरडलं, आणि गुणवंतरावांना कळलं की कर्जदारांना इतकी वर्षं कसं वाटत असेल.

सात नंबरच्या खाटेवर विक्की पाय पसरून पडला होता. खाटेपाशी आयुष उभा. डोळे लाल, अंगावर कोळसा.

"काका, याले उठवा," आयुष म्हणाला. "दिवसाची खाट माही आहे. अकराशे मीबी देल्ले."

"माही आज सुट्टी आहे," विक्की झोपल्या झोपल्या बोलला. "सुट्टीच्या दिवशी मानूस उशिरा उठते. तुमी पतसंस्थेत होते तं इतवारले सकाळी उठत होते का, काका?"

गुणवंतरावांनी घसा खाकरला. "कराराप्रमाणे दिवसा आयुष. विक्की, उठ बाप्पा."

"आन मी कुठी जाऊ?"

"फिरून ये थोडा."

"कुठी फिरू, कोयसा पाहाले? तो तं मी हप्ताभर पाह्यतो." विक्की उठून बसला. "बरं, मी उठलो. आता रात्रीची खाट माही. मंग हा रातभर कुठी जाईन? याले आज ड्युटी नाई."

आयुषनं गुणवंतरावांकडे पाहिलं. मागे उभ्या असलेल्या बाकी बावीस जणांनीही पाहिलं. गुणवंतरावांनी खिशातला कागद बाहेर काढला, उलटा केला, सुलटा केला. त्यावर सोमवार ते शनिवार उत्तम हिशेब होता.

"काका," बालट्यांच्या रांगेतून एक जण म्हणाला, "तुमचा हप्ता सहा दिवसाचा आहे का?"

हशा पिकला. गुणवंतरावही हसले. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी तीन उपाय केले आणि तिन्ही उपायांनी त्यांचं तीनदा नुकसान केलं. पहिल्यांदा पाटी लावली, 'रात्रपाळीच्या गड्यांनी रविवारी गावी जाऊन यावे.' बिहारच्या दोघांनी पाटीखाली उभं राहून फोटो काढला आणि गावाकडे पाठवला. मग पडवीत चटया टाकल्या, रविवारी फुकट. सोमवारी सकाळी विक्की चटईवरून उठून आरशात बघत म्हणाला, "झोपलो तवा मी गोरा होतो, काका." शेवटी गुणवंतरावांनी जाहीर केलं की जो रविवारी बाहेर राहील त्याला भाड्यात शंभर रुपये सूट. महिनाअखेरीस चोवीसच्या चोवीस जणांनी सूट घेतली आणि एकही जण बाहेर राहिला नव्हता. वसुली अधिकाऱ्याला हे कसं कळलं नाही, असं कोणी विचारलं तर गुणवंतराव सांगत, कळलं होतं, पण चोवीस जणांशी एका रविवारी भांडायला घरात उभं राहायला जागा नव्हती.

गडी जाऊ लागले. चोवीसाचे सोळा झाले, सोळाचे आठ. जे राहिले त्यांनी अकराशेत अख्खी खाट मागितली, आणि दिवसभर ती रिकामी ठेवून कामावर गेले. गुणवंतराव आता पडवीत बसेनासे झाले. रिकाम्या खाटा त्यांना बघवत नव्हत्या.

"साहेब, फॅमिलीले द्या," शफी म्हणाला. "एक-एक ओटा मारून देतो, संडास दुसरा काढतो. बत्तीसशे रुपये एका खोलीचे कोनीबी देते."

"चार खोल्याचे बारा हजार आठशे. हप्ता पंधरा नऊशे. वरचे एकतीसशे कोन देईन, तू?"

"मी कायले देऊ? मी तं इतवारचं पैलेच इचारलं होतं."

खरी अडचण एकतीसशेची नव्हती. गुणवंतरावांनी सगळ्या राजुऱ्याला 'खाट झोपत नाही' हे तत्त्व पानठेल्यापासून तहसीलपर्यंत समजावून सांगितलं होतं. आता तेच लोक 'मग, किती खाटा जाग्या आहेत?' असं विचारत. साध्या माणसासारखी साधी खोली भाड्यानं द्यायची तर इतका मोठा शोध लावायची गरज काय होती, याचं उत्तर तयार नव्हतं. म्हणून गुणवंतरावांनी वसुलीत हजारदा पाहिलेली गोष्ट स्वतः केली. काहीच केलं नाही. पहिला हप्ता थकला. दुसरा थकला, तोवर उरलेले आठही गेले. दहा तारखेला तिसरा थकला, आणि त्या दिवसापासून सुगंधाबाई सकाळी सडा टाकायला गेल्या की आधी दार बघून येऊ लागल्या.

आदेश आला तो रविवारीच.

आदेश गोहणे, पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप, गुणवंतरावांच्या हाताखाली तयार झालेला आणि आता त्यांच्याच खुर्चीवर बसणारा. खांद्याला बॅग, बॅगेत नोटीस, डिंकाची बाटली, हातात फोटो काढायला फोन. सकाळचे नऊ वाजलेले. गल्लीतली माणसं ओसरीवर पेपर वाचत होती, म्हणजे पेपर धरून बसली होती.

"साहेब," आदेश फाटकातूनच हळू आवाजात म्हणाला, "मले वाईट वाटून राह्यलं."

"वाईट वाटून घ्याचं नाई, असं मी शिकवलं होतं तुले," गुणवंतराव म्हणाले. आवाज बरा निघाला, पण हात धोतराचा सोगा शोधत होते आणि ते तर पायजम्यावर होते. "आंदर ये. चहा पे. मंग लाव."

"चहा प्याचा नाई, असंबी तुमीच शिकवलं."

"त्यायनं शिकवलं, मी नाई शिकवलं," सुगंधाबाई आतून म्हणाल्या. "आलूपोहे केले, ये."

आदेश आत आला. पोहे खाता खाता त्याची नजर घरभर फिरू लागली. गुणवंतरावांनी ओळखलं, जप्तीच्या वेळी वसुलीचा माणूस असाच बघतो, टीव्ही कुठला, फ्रिज किती वर्षांचा. पण आदेश टीव्ही बघत नव्हता. तो मोरीतला नळ सोडून बघत होता. मग मागच्या दारात गेला. विहीर पाहिली. लिंबाचं झाड पाहिलं. स्वैपाकघराची खिडकी उघडून बंद केली.

"पानी बारा महिने राह्यते का, बाई?"

"विहीर आटली नाई कधी."

"आमच्या तिथी घरमालक दिवसाले दोनच गुंडं भरून पानी देते. बायकोचं अन् त्याच्या बायकोचं रोज भांडन." आदेश परत येऊन बसला. बॅग पायाशी ठेवली. "साहेब, एक बोलू का? हे घर भाड्यानं द्यान का?"

गुणवंतरावांना आधी वाटलं हा चेष्टा करतो आहे. मग त्यांच्यातला व्यवहार आपोआप जागा झाला. दारात नोटीस उभी असताना तो जागा झाला, याचं त्यांना नंतर फार हसू यायचं.

"आठ हजार," ते म्हणाले.

"सहा."

"आठाच्या खाली परवडत नाई."

"साहेब, तुमाले काय परवडते हे मले माहीत आहे ना," आदेश बॅगेवर हात ठेवून म्हणाला. "तीन हप्त्याचे सत्तेचाळीस हजार सातशे. दंडव्याज मी मंडळाले सांगून काढतो. खातं माह्याकडंच आहे."

कर्जदाराचं खातं ज्याच्या हातात त्याच्याशी भाड्याची घासाघीस करू नये, हा धडा गुणवंतरावांनी कधी कोणाला शिकवला नव्हता. तो कधी लागेल असं वाटलं नव्हतं.

"साडेसहा," सुगंधाबाई म्हणाल्या. "आन अनामत तीस हजार. लिंबं माही."

"लिंबं अर्धे," आदेश म्हणाला.

"आन आमी कुठी राहाचं?" गुणवंतरावांनी विचारलं. दोघंही त्यांच्याकडे अशा नजरेनं बघू लागली की जणू या व्यवहारात त्यांचं काही कामच नव्हतं.

"चार खोल्या आहेत ना तुमच्या," सुगंधाबाई म्हणाल्या. "तीन द्या फॅमिलीले, एकीत आपन. तीन बत्तीसशे किती?"

"शहान्नवशे."

"त्यात हे साडेसहा."

"सोळा हजार शंभर." गुणवंतराव थांबले. पंधरा हजार नऊशे वजा केले. पुन्हा केले. कशातही रविवार आडवा येत नव्हता. "दोनशे उरतात," ते हळूच म्हणाले.

"निव्वळ," सुगंधाबाई म्हणाल्या.

आदेशनं अट घातली. भाडं साहेबांच्या हातात देणार नाही, दहा तारखेच्या आत थेट कर्जखात्यात भरणार, आणि पावती पाठवणार. गुणवंतरावांना ते थोडं लागलं, पण त्यांच्या जागी असते तर त्यांनीही हेच केलं असतं, आणि वर दोन कागदांवर सह्या घेतल्या असत्या. तीस हजार अनामत दुसऱ्याच दिवशी खात्यात जमा झाली. उरलेले सतरा हजार सातशे सुगंधाबाईंनी भिशीतून काढले आणि कुठल्या भिशीतून ते सांगितलं नाही. शफीनं तीन ओटे आणि एक संडास बांधून द्यायचे कबूल केले, मजुरीत बाराच्या बारा खाटा घेऊन. त्याचा भाऊ मंगलकार्यालय चालवतो, तिथे वऱ्हाड एकाच रात्री झोपतं.

"आन हे?" गुणवंतरावांनी बॅगेकडे बोट दाखवलं.

आदेशनं नोटीस काढली, बघितली, आणि चार घड्या करून परत ठेवली. "माह्या बायकोनं दारावर नोटीस पाह्यली तं ते ह्या घरात पाय ठेवीन का? मंडळाले लिहून देतो, हप्ते भरून राह्यले म्हणून." दारापर्यंत जाऊन तो वळला. "साहेब, मोरीतला नळ गळते. तेवढा बसवून द्या. मालकाचं काम आहे ते."

नळ गुणवंतरावांनी स्वतः बसवला. पंधरा दिवसांनी, बुधवारी, टेम्पो दारात लागला. कपाट चढलं, मिक्सर चढला, देव चढले. गल्ली पेपर ठेवून उभी राहिली होती. समोरचे मुखरूभाऊ, निवृत्त कंडक्टर, ज्यांना आयुष्यभर माणूस कुठे चालला हे विचारायची सवय, ते रस्ता ओलांडून आले.

"गुणवंतराव, हे सारं सामान घेऊन कुठी निघाले?"

गुणवंतरावांनी कॉलर सारखी केली. "घुग्घुसले. धंदा वाढला ना भाऊ. आता तिथीच राहून लक्ष द्या लागते."

"हाव," टेम्पोत देवाची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या सुगंधाबाई म्हणाल्या, "इतला वाढला, का घरात आमालेच जागा नाई उरली."

मुखरूभाऊ हसले, गल्ली हसली, टेम्पोवाला हसला. गुणवंतरावांनी क्षणभर विचार केला की आपण हसायचं की नाही. मग लक्षात आलं की दार कोरं आहे, आणि त्या दारासमोर उभं राहून हसायला काहीच हरकत नाही. ते सगळ्यांत जोरात हसले आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसले.